गीझरमधला थर आणि सहा कोटी वर्षांपूर्वीची हवा

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी दख्खनच्या ज्वालामुखींबद्दल बोलत होतो, तेव्हा एका ज्युनिअरने मला अडवलं. "दादा, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची हवा मोजायला तिथे होतं कोण?" प्रश्न चोख होता आणि मी दिलेलं उत्तर ढिसाळ. म्हणून हा लेख.

सुरुवात घरातून करू. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून पंपाने विंध्य चढून. ते तापवलं की पातेल्याला, गीझरच्या कॉईलला पांढरा थर धरतो. आई म्हणते, "क्षार बसलेत." त्या थरात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि त्यातला काही कार्बन एकेकाळी हवेत होता. पावसाच्या आणि मातीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनतं. ते आपल्या माळव्याच्या काळ्या खडकाला, म्हणजे बेसॉल्टला, हळूहळू खातं. सुटलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नदीतून समुद्राला जातं, तिथे त्याचे शिंपले होतात आणि शिंपल्यांची चुनखडी. हवेतून घेतलेला निम्मा कार्बन या उलाढालीत परत सुटतो, निम्मा दगडात अडकतो. याला रासायनिक विदारण म्हणतात. उलट बाजूने ज्वालामुखी कार्बन हवेत टाकत असतात.

आता मॉडेल. नाव ऐकून सुपरकॉम्प्युटर डोळ्यांपुढे येतो, पण ज्याला जमाखर्चाची वही कळते त्याला साधं मॉडेल कळतं. मी ते एक्सेलमध्ये केलं. समुद्र आणि हवा मिळून शिल्लक ४०,००० अब्ज टन कार्बन. ज्वालामुखींची जमा वर्षाला सुमारे ०.१ अब्ज टन, विदारणाचा खर्चही तेवढाच. एक ओळ म्हणजे हजार वर्षं, तेव्हा जमा १००, खर्च १००. मग विचार केला, लाखो चौरस किलोमीटर कोरा बेसॉल्ट पसरलाय, तो लवकर झिजतो, खर्च १२५ करू. फॉर्म्युला खाली ओढला. शिल्लक घटत गेली, १,६०० ओळींनी शून्य झाली आणि पुढे चक्क उणे! सोळा लाख वर्षांत समुद्र आणि हवेतला सगळा कार्बन संपला. पृथ्वीच्या वयाच्या मानाने हा काळ म्हणजे काहीच नाही. दोन दिवस मी फॉर्म्युल्यात चूक शोधत बसलो. फॉर्म्युला बरोबर होता. खर्चाचा आकडा मी कायमचा ठरवून टाकला होता, तिथे गडबड होती.

१९८१ साली वॉकर, हेज आणि कास्टिंग या तिघांनी नेमकी हीच गोष्ट मांडली. खर्च स्वतः हवामानावर अवलंबून असतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता आणि पाऊस वाढतो, विदारण जोर धरतं, कार्बन उतरतो. हवा थंडावली की विदारणही मंदावतं. मी खर्चाला 'शिल्लक भागिले ४०,०००' ने गुणलं. आलेख घसरत घसरत ३२,००० वर येऊन थांबला. एवढ्या एका गुणाकाराने! रॉबर्ट बर्नर यांची जिओकार्ब मॉडेलं याच हिशेबाची थोरली भावंडं, त्यांत पर्वत आणि वनस्पतीसुद्धा येतात.

तर ज्युनिअरचं उत्तर असं, की हवा कोणी मोजली नाही, हिशेब जुळवला. २००१ साली सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी, वैनगंगेच्या पाण्यावरून बेसॉल्ट किती वेगाने झिजतो ते काढलं आणि तो वेग मॉडेलला दिला. मॉडेल म्हणालं, उद्रेकांनी कार्बन डायऑक्साइड १,०५० पीपीएमने चढला, तापमान ४ अंशांनी. पण पुढे तो आधीपेक्षाही ५७ पीपीएम खाली जाऊन स्थिरावला. ज्या खडकाने तापवलं, त्यानेच मग निववलं. मला हे फार आवडतं, पण जपून बोलायला हवं. उद्रेकात वायू किती सुटला हे गृहीत धरावं लागतं, आणि ते बदललं की १,०५० बदलतो. म्हणून मॉडेलचा निकाल दुसऱ्या नोंदींशी ताडून बघतात, उदाहरणार्थ जुन्या समुद्रपाण्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण, जे चुनखडीत शाबूत राहतं.

एक प्रयोग तुम्ही करा. खर्च पुन्हा १०० वर आणा, गुणाकार राहू द्या, आणि पहिल्याच ओळीत ५,००० अब्ज टन जादा टाका. ते जादा निम्मं व्हायला २७७ ओळी लागतात, म्हणजे पावणेतीन लाखांहून जास्त वर्षं. माझं शीट भोळं आहे, पण खरी पृथ्वीही फार घाई करत नाही. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ती भूगर्भशास्त्राच्या हिशेबात अचानकच ५-६ अंशांनी तापली, आणि सावरायला दीड-दोन लाख वर्षं लागल्याचं समुद्रतळाच्या गाळात दिसतं.

आपण आज कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, ज्वालामुखींच्या शंभरपट. या वेगाने ५,००० व्हायला पाचशे वर्षं पुरतील. माझ्या शीटमध्ये ती अर्धी ओळ आहे.