लक्षणांपूर्वीची तपासणी आणि तवक्कुल

"दुखत तर काही नाही, मग दवाखान्यात कशाला? नशिबात असेल ते होईल." मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण येथील आपल्या घरांत हे वाक्य नित्य ऐकू येते. ते ईमानाच्या भाषेत बोलले जाते, म्हणून ते त्याच कसोटीवर तपासले पाहिजे.

हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले, तेव्हा पुढे प्लेगची साथ पसरल्याचे समजले. मसलत करून ते परत फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा उत्तराचा आशय होता. संकट अंगावर येण्यापूर्वीच उचललेले ते पाऊल होते. उंट आधी बांधावा व मग भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवणही हेच सांगते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही पूर्वदक्षता किती मोलाची आहे, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले. 1998 पासून टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली. साधन कोणते? सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातील मुख्य आम्ल. ते गर्भाशयमुखास लावून मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. (सिरक्याची प्रशंसा हदीसमध्ये कालवण म्हणून आहे, तिचा संबंध येथे जोडू नये.) दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी हे काम केले. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी होते. हा रोग होण्यापूर्वी पेशींतील बदल अनेक वर्षे चालतो आणि त्या काळात वेदना होत नाही. म्हणजे दुखण्याची वाट पाहणे हीच खरी चूक.

आता हयेचा प्रश्न. तो क्षुल्लक नाही. परंतु येथे तपासणारी स्त्रीच होती. हजरत रुफैदा (रजि.) प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत तंबू उभारून जखमींची शुश्रूषा करीत, सेवेला हया आड आली नाही. स्त्री डॉक्टर उपलब्ध नसेल, तर गरजेपुरती पुरुष डॉक्टरांकडून तपासणीही फुकहांनी जायज मानली आहे. हयेचे नाव पुढे करून पत्नीला अडविणाऱ्या पतीने शरीर ही अमानत आहे, हे आठवावे.

तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी शासकीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. आशा कार्यकर्ती दारी आली, तर तिला परत पाठवू नये. जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पुरुषांनीही तोंड तपासून घ्यावे, विशेषतः गुटखा वा तंबाखू खाणाऱ्यांनी. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. मात्र पुढील तपासणीस परळला बोलावले, तर कल्याणहून वा मुंब्र्याहून धीमी लोकल थेट तेथे थांबते.