शस्त्रक्रियेत काढलेली गाठ : बरणीपासून रिपोर्टपर्यंत
(आरोग्यविषयक अभ्यासपाठ)

ऑपरेशन पार पडले की डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, “गाठ काढली आहे, तपासायला पाठवतो.” नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. गाठ कोठे गेली, कोणी नेली, पोहोचली की नाही, ही चौकशी मात्र फारच थोडे लोक करतात. म्हणून या पाठात आम्ही त्या गाठीचा प्रवास क्रमाने सांगणार आहोत. तो समजून घेणे हे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

आधी एक भेद लक्षात घ्यावा. रक्ताची बाटली फुटली किंवा हरवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेता येते. शरीरातून काढलेली गाठ पुन्हा काढता येत नाही. ती कर्करोगाची होती की साधी, पूर्ण निघाली की कडेला काही राहिले, पुढे कोणते उपचार करावेत, या प्रश्नांची उत्तरे त्या तुकड्यातच असतात. तुकडा गेला की उत्तरही जाते. एकाच नावाच्या दोन बायकांच्या बरण्यांची अदलाबदल झाली, तर एकीला नको ते उपचार होतात आणि दुसरी उपचारांवाचून राहते.

महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा मोठी आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांच्या संबंधावर त्यांनी मोलाचे काम केले. अशा संशोधनाचा पाया म्हणजे नीट नोंद केलेले, क्रमांक दिलेले शरीराचे तुकडे. नोंद चुकली तर निष्कर्षही चुकतो.

आता प्रवासाच्या पायऱ्या पाहू.

१) ऑपरेशन थिएटर : तुकडा रुंद तोंडाच्या बरणीत ठेवतात. तो सडू नये म्हणून त्याच्या किमान दहापट दहा टक्के फॉर्मॅलिन ओततात. लेबल झाकणावर लावू नये, बरणीच्या अंगावर लावावे. कारण झाकणे एकमेकांत बदलतात. लेबलवर पूर्ण नाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, कोणता अवयव, डावी की उजवी बाजू, तारीख आणि वेळ हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी तपासणी-यादी दिली. रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी सिस्टरने लेबल रुग्णाच्या नावासह मोठ्याने वाचावे, असे तीत सांगितले आहे.

२) मागणीपत्र : बरणीसोबत फॉर्म जातो. त्यात रुग्णाचा त्रास, आधीच्या तपासण्या आणि डॉक्टरांचा अंदाज लिहितात. गाठीला दिशा दाखवण्यासाठी सर्जन दोरे बांधतात. आखूड दोरा कोणत्या बाजूचा आणि लांब कोणत्या, हेही लिहावे लागते. फॉर्म व बरणी यांवरील मजकूर एकच असला पाहिजे.

३) ने-आण : थिएटरच्या रजिस्टरमध्ये नोंद करून वॉर्डबॉय बरणी नेतो. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तसेच वेळ, दोन्हीकडे नोंदवली पाहिजे. आज किती बरण्या निघाल्या आणि किती पोहोचल्या, हा ताळा रोज जमला पाहिजे. तो जमला नाही तर त्याच दिवशी शोध घेता येतो. महिन्याने शोधून काही हाती लागत नाही.

४) प्रयोगशाळा : येथे बरणीला नवा क्रमांक मिळतो. डॉक्टर तुकडा मोजून, कापून, निवडक भाग प्लॅस्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये ठेवतात. प्रत्येक कॅसेटवर तोच क्रमांक असतो. पुढे तो भाग मेणात बसवून ब्लॉक करतात, त्याच्या तीन ते पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढतात आणि रंग देऊन काचेवर पाहतात. ब्लॉक व काच दोन्हींवर क्रमांक राहतो. काही ठिकाणी हेच काम बारकोडने होते. साधन कोणतेही असो, प्रत्येक टप्प्यावर क्रमांक पडताळणे चुकत नाही.

लेबल नसलेली बरणी आली तर चांगली प्रयोगशाळा ती फेकत नाही आणि अंदाजाने नावही लिहीत नाही. थिएटरमधील जबाबदार व्यक्तीला बोलावून ओळख पटवते आणि तशी लेखी नोंद ठेवते.

५) रिपोर्ट : शेवटची कडी आपल्या हातात असते. पित्ताशय काढले, पोट दुखायचे थांबले, की रिपोर्ट आणायला कोणी जात नाही. पण खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो. न वाचलेला रिपोर्ट हा हरवलेल्या गाठीसारखाच आहे.

आता आपल्या धायरीकडे वळू. २०१७ साली धायरीचा उरलेला भाग पुणे महानगरपालिकेत आला. शेजारी नऱ्हे येथे काशीबाई नवले रुग्णालय आहे, धनकवडीत भारती रुग्णालय आहे आणि शहरात ससून आहे. अशा मोठ्या रुग्णालयांना स्वतःची प्रयोगशाळा असते. लहान नर्सिंग होममध्ये मात्र पुष्कळदा बरणी नातेवाइकांच्याच हाती देतात आणि अमुक लॅबमध्ये पोहोचवा, असे सांगतात. म्हणजे तेवढ्या वेळापुरता वॉर्डबॉय आपणच असतो! अशा वेळी पुढील गोष्टी पाळाव्यात.

• बरणी हाती घेण्यापूर्वी लेबल स्वतः वाचावे. वाचता येत नसेल तर सिस्टरकडून वाचून घ्यावे.
• वास येतो म्हणून फॉर्मॅलिन ओतून देऊ नये, त्यात पाणी घालू नये, बरणी बर्फात किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.
• फॉर्मॅलिन विषारी आहे. झाकण घट्ट ठेवावे, मुलांपासून दूर ठेवावे. डोळ्यांत किंवा हातावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे.
• घरी मुक्काम न करता त्याच दिवशी लॅबमध्ये द्यावी आणि पावती घ्यावी. स्तनाच्या गाठीच्या काही तपासण्यांसाठी तुकडा सहा ते बहात्तर तासच फॉर्मॅलिनमध्ये राहावा लागतो. उशीर झाला तर औषध ठरवणे अवघड जाते.
• क्षयाचे जंतू वाढवून पाहायचे असतील तर तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालत नाहीत, कारण जंतू मरतात. तो सलाइनमध्ये वेगळा देतात. दोन बरण्या दिल्या असतील तर कोणती कशासाठी, हे विचारून घ्यावे.
• रिपोर्टवरील नाव, वय, अवयव, बाजू जुळवून पाहावी. मूळ प्रत जपून ठेवावी.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास मोठी रुग्णालये ब्लॉक आणि काचा मागवतात. लॅबकडून त्या पोच देऊन मिळवता येतात. म्हणून पावतीवरील क्रमांक सांभाळावा. कागदपत्रांच्या बाबतीत तर नियमच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्याला नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात.

बंधू-भगिनींनो, डॉक्टरांना विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. आपल्या वस्तीतील पुष्कळ माणसे, विशेषतः आपल्या आया-बहिणी, मोठ्या इमारतीत शिरताच गप्प होतात. “सिस्टर, आमच्या पेशंटची गाठ कोणत्या नंबरवर गेली?” एवढा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत आणि शिक्षणही लागत नाही. शिकलेल्या मुलाने शेजारच्या आजींसोबत जाऊन हा प्रश्न विचारला आणि उत्तर वहीत लिहून घेतले, तरी एका कुटुंबावरचे मोठे संकट टळू शकते. हा पाठ घरोघरी वाचला जावा, एवढीच आमची विनंती आहे.