पिल्लू आणायच्या आधी

(इयत्ता चौथी)

कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते. तो घराची राखण करतो. हे आपण दुसरीपासून लिहीत आलो. परंतु पिल्लू घरी कसे आणावे, कोणते आणावे व कधी आणावे हे आपण कधी लिहिले नाही. ते मी या लेखात लिहिणार आहे. गुरुजी म्हणाले, "तुझं जे चुकलं ते पहिल्यांदा लिही." म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते.

मी तिसरीत होते तेव्हा गावातल्या पडक्या वाड्यात एक कुत्री व्याली. पाच पिल्ले झाली. शाळा सुटली की आम्ही सगळे तिकडेच पळायचो. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. पोरांनी "हे माझं, ते तुझं" करून पिल्ले वाटून घेतली. माझ्या वाट्याला काळेभोर आले. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी त्याला दप्तरात घालून घरी आणले व नाव ठेवले चांद्या. कुत्री त्या वेळी भाकर मागायला गावात गेली होती. आम्ही मुद्दाम तीच वेळ साधली होती.

चांद्या रात्रभर कुईकुई करत होता. मी त्याच्यापुढे वाटीत म्हशीचे दूध ठेवले. त्याला वाटीतून पिता येईना. मग कापसाची वात भिजवून पाजले. दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिले तर तो पोत्यावर गार पडला होता. आबांनी त्याला शेताच्या बांधावर पुरले.

त्याची आई आठ दिवस गल्लीत फिरत होती. प्रत्येक दाराशी येऊन हुंगायची. आमच्याही दाराशी यायची. ती आली की मी दार लावून घ्यायचे.

पुढे जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आमच्या गाईला लस द्यायला आखाड्यावर आले होते. मी त्यांना विचारले, चांद्या का मेला? त्यांनी रागावता सगळे सांगितले असते तरी चालले असते, पण ते रागावले नाहीत. ते म्हणाले, कुत्री ६३ दिवसांच्या आसपास गाभण असते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दिसत नाही व ऐकूही येत नाही. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, त्यानंतर कान. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्याला स्वतःचे अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. म्हणून पिल्ले एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. आपण एकटे उचलले की ते गारठते. दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायला लागतात. आईच्या पहिल्या दुधात रोगाशी लढायची ताकद असते. गाई-म्हशीचे दूध लहान पिल्लाला सोसत नाही, पोट सुटते. पिल्लू आठ आठवडे आईजवळच राहिले पाहिजे. एवढ्या दिवसांत ते भावंडांशी खेळता खेळता किती जोरात चावायचे हे शिकते. जोरात चावले की दुसरे ओरडते व खेळ मोडतो. जे पिल्लू हे शिकत नाही ते पुढे माणसाला चावरे होते.

म्हणजे चांद्या तेव्हा फार तर सोळा-सतरा दिवसांचा असेल. मी बोटावर मोजले.

आता माळेगावची गोष्ट. माळेगाव आपल्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. तिथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल सगळे येतात. लाल कंधारी व देवणी बैल तर पाहत राहावेत असे असतात. आपली जिल्हा परिषद तिथे जनावरांचे प्रदर्शन भरवते, त्यात कुत्र्यांचेही असते. खंडोबाच्या फोटोत घोड्याजवळ कुत्रा असतोच. माहूरच्या दत्ताजवळ तर चार आहेत.

या वर्षी मी आबांच्या मागे लागले की मला कारवान कुत्र्याचे पिल्लू पाहिजे. आमच्या वर्गातल्या एकाच्या मामाकडे आहे व तो फार ऐट मारतो. आबा म्हणाले, "चल, बघू तर."

कारवान कुत्रा उंच व बारीक असतो. तोंड लांब, छाती खोल, पोट पाठीला गेलेले. बरगड्या दिसतात. मला वाटले याला कुणी खायला घालत नाही! पण ती जातच तशी असते, पळणारी. कारवान म्हणजे तांडा. पूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे दूरदेशाहून इकडे आले असे सांगतात. ज्यांच्या कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असतात त्यांना पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात जानवळ नावाचे गाव आहे, ते या कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. कर्नाटकात मुधोळ आहे. तिथले कुत्रेही ह्याच घराण्यातले. त्या मुधोळ कुत्र्याचे चित्र टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले होते. आपल्या भागातला कुत्रा तिकिटावर, हे वाचून मला फार आनंद झाला.

तिथे एक पांढरे-तपकिरी पिल्लू होते. मी त्याला हात लावला तर त्याने माझे बोट चाटले. मी आबांकडे पाहिले. आबांनी मालकाला विचारले, "याला दिवसाला किती पळवावं लागतंय?" मालक म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ मोकळं सोडावं लागतंय बगा. बांधून घातलं की बिघडतंय." मग आबांनी मला विचारले, "आपल्या घराला आंगण केवढं हाय?"

आमचे अंगण दोन बाजा टाकल्या की भरते. शेत सव्वा एकर आहे व भोवती दुसऱ्यांचा हरभरा. तो पिल्लू मोठा होऊन हरभऱ्यातून पळाला तर रोज भांडणे. पूर्वी लोक याला घेऊन सशाच्या शिकारीला जायचे. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारायला बंदी आहे. मग हा पळणार कुठे आणि कशामागे? किंमत तर मी इथे लिहीतच नाही. आबांनी ती ऐकली व टोपी काढून परत घातली.

मी रडले. खरे लिहायचे म्हणून लिहिते. आबांनी मला रेवड्या घेऊन दिल्या, तरी थोडा वेळ रडले.

प्रदर्शनात एक डॉक्टर लोकांना माहिती सांगत होते. आबांनी मला त्यांच्यापुढे उभे केले. ते म्हणाले, "कुत्रं कोणतं पाहिजे हे नंतर ठरव. आधी सांग, त्याला तुझ्या घरी रोज कोण भाकर घालणार? आणि किती वर्षं?" मी म्हणाले, मी घालणार. ते म्हणाले, "कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. तू तोवर बावीस वर्षांची होशील."

घरी येऊन मी पाटीवर गणित केले. दिवसाला दोन भाकरी. वर्षाच्या ७३०. बारा वर्षांच्या ८७६०. हे आईला वाचून दाखवले. आईने डोक्याला हात लावला. पण नंतर म्हणाली, "दोन तर रोज उरतातच. शिळी असंल तर चालंल ना त्याला?" नुसती भाकर पुरत नाही, कधी वरण, कधी अंडे द्यावे असे डॉक्टरांनी सांगितले होते. कांदा मात्र देऊ नये, कुत्र्याचे रक्त बिघडते. चॉकलेटही नाही. (चॉकलेट कोण देतंय कुत्र्याला! आम्हालाच मिळत नाही.)

आता आमच्या गल्लीतले सांगते. आमच्या शेजारचे घर दसऱ्यानंतर बंद असते. ते लोक ऊसतोडीला जातात ते चैत्रापर्यंत येत नाहीत. त्यांची कुत्री पिवळी आहे. ट्रकमध्ये भांडी, सरपण, लेकरे सगळे भरले, मग कुत्रीला जागा राहिली नाही. ती गाभण होती. ट्रक वेशीबाहेर जाईपर्यंत मागे पळाली व परत येऊन कुलपापुढे बसली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांच्याच कडब्याच्या गंजीखाली व्याली. चार पिल्ले, एक बोका म्हणजे नर व तीन माद्या. (कुत्र्याला बोका म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, पण आमची आजी म्हणते.)

या वेळी मी पिल्लाला हात लावला नाही. रोज कुत्रीला भाकर व पाणी तेवढे ठेवायचे. पोरे आली की हाकलायची. त्यांना चांद्याचे सांगायची. एकाने ऐकले नाही तर मी गुरुजींना नाव सांगितले.

आणि एक मजा बघा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपासून माळेगावच्या यात्रेपर्यंत मोजले तर ५८ दिवस होतात. म्हणजे आठ आठवडे आणि वर दोन दिवस! ज्याच्या गावात दिवाळीला कुत्री व्याली असेल त्याने माळेगावची वाट पाहावी. दरवर्षी हे गणित जमते, एखादा दिवस इकडे तिकडे.

यात्रेहून आल्यावर मी आबांना म्हणाले, मला गंजीखालचे पिल्लू पाहिजे. आबांनी आधी त्या घरच्यांना फोन लावला. "लेकरू म्हणायलंय पिल्लू नेते. नेऊ का?" तिकडून मावशी म्हणाल्या, "न्या की. पर माय कशी हाय आमची? खातीया का?" त्या आपल्या कुत्रीला माय म्हणत होत्या. फोनवर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मला आधी त्यांचा राग यायचा, आता येत नाही. पण जायच्या आधी त्यांनी कुणाला तरी सांगून जायला पाहिजे होते असे मला वाटते. पाळलेले जनावर उपाशी टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे असे डॉक्टर म्हणाले होते. ते मी फोनवर सांगितले नाही.

पिल्लू कसे निवडावे ते आता लिहिते. पहिल्यांदा पिल्लाची आई पाहावी. ती फार भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर विचार करावा. मग दूर बसावे व काही बोलू नये. जे पिल्लू हळूहळू आपण होऊन जवळ येते ते चांगले. एकदम अंगावर उडी मारणारे दांडगे निघते, कोपऱ्यात कापत बसणारे आजारी किंवा घाबरट असू शकते. त्याच्या मागे टाळी वाजवावी. वळून पाहिले तर कान ठीक. डोळ्यांत चिपडे नकोत. हिरड्या गुलाबी पाहिजेत, पांढऱ्या नकोत. अंग बारीक व पोट ढोलासारखे असेल तर ते बाळसे नसते, जंत असतात. कातडीवर चट्टे नकोत. मात्र जंत असले म्हणून पिल्लू टाकून देऊ नये, त्याला औषध आहे.

नर पिल्लू आधीच एकाने सांगून ठेवले होते. माद्या कुणी नेत नाही. काका म्हणाले, "मादी कशाला? वर्षाला दोनदा व्येती. गल्लीभर पिल्लं." काकांचे गणित बरोबर आहे. एका वेळी चार-पाच म्हटली तरी वर्षाला आठ-दहा होतात, आणि त्यांतल्या माद्या पुढच्या वर्षी व्यायला तयार. पण त्याला उपाय आहे. मादी सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करता येते. मग ती व्यात नाही. काकांना मी म्हणाले, नर तरी कुठे शहाणा असतो, तो गल्लीभर भांडतो. काका हसले. आजी मात्र म्हणाली, "आमच्या घरात मादीला नको म्हणायचं न्हाई." आमच्या घरात आम्ही तिघी बहिणी आहोत.

टाळी वाजवल्यावर जी वळली तीच आणली. पिवळी आहे. आबांनी यात्रेतला भंडारा तिच्या कपाळाला लावला, तो दिसलाच नाही, एवढी पिवळी. म्हणून नाव हळदी.

पहिल्या रात्री तीही रडली. या वेळी मी तिच्या आईखालचे पोत्याचे फडके आणून तिच्याजवळ ठेवले होते. वासाने ती झोपली. तिची आई दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी आली. मी दार उघडेच ठेवले. तिने हळदीला चाटले, भाकर खाल्ली व गेली. आता रोज येते.

लसीचे राहिले. आणल्यावर जंताचे औषध दिले. तीन महिन्यांची झाली की पिसाळण्याची लस द्यायची, नंतर दर वर्षी. पिसाळलेला कुत्रा चावला व उपचार केला नाही तर माणूस वाचत नाही. चावल्यावर चुना, मिरची किंवा हळद लावू नये. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी व लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पिल्लाचा दात लागला तरी घरी सांगावे, लपवू नये. पूर्वी पोटात इंजेक्शने देत म्हणून पोरे लपवायची. आता दंडात देतात. ही लस फ्रान्स देशातल्या लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला पहिल्यांदा दिली. तो नऊ वर्षांचा होता, आपल्या तिसरी-चौथीतल्याएवढा. तो वाचला.

मांजरीविषयी थोडेच लिहिते, कारण आमची मांजर आम्ही निवडली नाही. सोयाबीनची पोती आली, उंदीर आले, मग ती आली. तिला आईने जा म्हटले नाही एवढेच. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. ती सुरक्षित जागा शोधत असते. तिच्या पिल्लांनाही आठ आठवडे हलवू नये. हळदीला पाहून ती बळदावर चढून बसली होती, चार दिवसांनी खाली उतरली. तोवर आम्ही तिची वाटी वरच ठेवली.

आता कामाचे. गंजीखाली दोन माद्या शिल्लक आहेत. एक पिवळी, एकीचे पुढचे पाय पांढरे. दोघींच्या हिरड्या गुलाबी आहेत, मी पाहिल्या. ज्याला पाहिजे त्याने आधी घरी विचारावे व भाकरीचे गणित करून आणावे. जे ऊसतोडीला जातात त्यांनी मागे कोण घालणार ते नाव सांगावे. मधल्या सुट्टीत मी हातपंपाजवळ असते.