प्राथमिक वर्गातील रंगभरणाचे संगणकीय खेळ : जबलपूरच्या निमित्ताने

लहान मुलांच्या हाती संगणक आला की त्यांचे मन प्रथम चित्रात रमते. दिल्लीतील कालकाजी येथे १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवून एक प्रयोग केला. पुढे तो मध्य प्रदेशातील शिवपुरी येथेही झाला. कोणी न शिकविताही वस्तीतील मुले संगणक हाताळू लागली आणि चित्र काढण्याची सोय त्यांना विशेष प्रिय झाली. ज्या घरांत कोरा कागद आणि रंगपेटी या चैनीच्या वस्तू, तेथील मुलांना न संपणारा कागद मिळाला होता.

मध्य प्रदेश शासनाने २००० मध्ये राजीव गांधी शिक्षा मिशनमार्फत ‘हेडस्टार्ट’ हा कार्यक्रम हाती घेतला. आसपासच्या प्राथमिक शाळांना साहाय्य करणाऱ्या जनशिक्षा केंद्रांत संगणक देण्यात आले. मुलांनी खेळत शिकावे, ही त्यामागील कल्पना होती. तेव्हा खेळ तबकडीवरून येत. आज ते महाजालावरून येतात. साधन बदलले, परंतु जबलपूरसारख्या शहरातील शिक्षिकेपुढील प्रश्न जुनाच आहे : या खेळाने मूल शिकते काय?

मुलांना खेळ आवडतो, एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी गुजरातमधील दोन अभ्यास पाहावे लागतात आणि परीक्षार्थींनी त्यांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. वडोदऱ्यातील महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने २००२ ते २००४ या काळात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे संगणकीय खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत गणितातील प्रगती पहिल्या वर्षी ०.३५, तर दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी आढळली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्यातील बराच लाभ ओसरला. दुसरा अभ्यास ‘ज्ञानशाला’ वर्गांचा. तेथे शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणक ठेवला, तेव्हा मुले मागे पडली. शाळेनंतर जादा वेळ म्हणून ठेवला, तेव्हा त्यांना लाभ झाला. म्हणजे निर्णायक ठरले ते संगणकाचे स्थान. तो शिकविण्याच्या वेळेत भर घालतो की त्या वेळेवरच अतिक्रमण करतो, हे पाहावे लागते.

हीच कसोटी रंगभरणाला लावावी. पडद्यावर बोट टेकताच संपूर्ण आकृती रंगाने भरते. मुलाला आनंद होतो. पण रेषेच्या आत खडू फिरविताना बोटांना जे वळण लागते, ते त्यातून लागत नाही. पहिलीच्या मुलाला याच वळणाची लेखनासाठी गरज असते. याउलट बेरजेच्या उत्तरानुसार रंग निवडावा लागतो, अशा खेळात मूल चुकले तर तत्काळ कळते आणि ते न संकोचता पुन्हा प्रयत्न करते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला असा तत्पर प्रतिसाद देणे कोणत्याही शिक्षिकेला अशक्यच. म्हणून अंक आणि अक्षरओळख यांच्या सरावासाठी पडदा, हाताच्या वळणासाठी कागद, अशी विभागणी आम्हास योग्य वाटते.

व्यवहारातील अडचणी लहान नाहीत. २०२३-२४ च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक, तर ५३.९ टक्के शाळांत महाजालाची जोडणी होती. २०२० अखेर ‘फ्लॅश’ तंत्राचा आधार काढून घेण्यात आल्यावर असंख्य जुने खेळ उघडेनासे झाले. ‘जीकॉम्प्री’ आणि ‘टक्स पेंट’ ही मुक्त साधने एकदा उतरवून घेतली की जोडणीवाचून चालतात. जाहिरातींचा उपद्रवही टळतो. मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ मध्ये मनाई आहे. ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी (२०२०) पहिली ते आठवीसाठी प्रत्यक्ष ऑनलाइन अध्यापनाची ३० ते ४५ मिनिटांची दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रे सुचविली होती.

आणि चित्रे कोणती द्यावीत? सज्ज खेळांत बहुधा परदेशी राजवाडे आणि बर्फातील घरे असतात. जबलपूरला त्यांची उसनवारी कशाला? भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजविणारे ब्योहार राममनोहर सिंह याच शहराचे. त्या पानाची किनार शिक्षिकेने साध्या रेषांत उतरवून चौथी-पाचवीच्या मुलांना आधी पडद्यावर, मग कागदावर रंगवायला द्यावी. भेडाघाटचे संगमरवरी कडेही द्यावेत. पांढऱ्या दगडाला पांढरा रंग भरून काहीच दिसत नाही, हे पडद्यावर लगेच उमगते. मग त्यावरील सावलीचा रंग कोणता, हे पाहण्यासाठी मुलांना नर्मदेच्या काठी न्यावे लागेल.