अलिबागची सहल : चौल-रेवदंड्याचा पाठ

रायगड जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांच्या सहली दरवर्षी अलिबागेस जातात. मुले वाळूत खेळतात, समुद्र पाहतात आणि सायंकाळी परततात. आनंद हा सहलीचा एक हेतू आहेच. तथापि याच किनाऱ्याने दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटर गेले असता दोन हजार वर्षांचे एक बंदर पाहावयास मिळते, याची वार्ताही पुष्कळ मुलांस नसते. थोडी पूर्वतयारी केल्यास त्याच दिवसात इतिहास, भूगोल, गणित व भाषा या चारही विषयांचा पाठ साधतो.

१. प्रश्न ठरविणे

सहलीस निघण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गापुढे एकच प्रश्न ठेवावा : "एवढे मोठे बंदर नारळी-पोफळीच्या वाड्यांत कसे लोपले?" पाहावयाची स्थळे मोजकी असावीत. दहा ठिकाणे धावत पाहिलेल्या मुलाच्या स्मरणात एकही राहत नाही.

२. भरती-ओहोटीचे गणित

कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. म्हणून दिवस निवडताना तिथी पाहणे अगत्याचे आहे. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोकणातील जुना आडाखा होय. चतुर्थीस ४ × ३/४ = ३, म्हणजे भरती सुमारे तीन वाजता; त्यापूर्वी सहा तास, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. पण ते दिवस भांगाचे असल्याने पाणी पुरेसे ओसरत नाही. हे गणित मुलांकडून वर्गात सोडवून घ्यावे. मात्र केवळ आडाख्यावर विसंबून मुलांस पाण्यात नेऊ नये. छापील वेळापत्रक पाहावे, स्थानिक कोळी बांधवांस विचारावे, आणि पाणी चढू लागण्यापूर्वी सर्व मुले मोजून किनाऱ्यावर आणावीत.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला. तटाचे मोठे दगड चुन्यावाचून रचलेले आहेत. लाटांचा मारा असा तट कसा सोसतो, याचा तर्क मुलांनी करावा.

३. चौल

कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल' हे नाव येते. ते हेच चौल. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी येथे आला होता. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विक्रीचा घोडा घेऊन होर्मूझहून जलमार्गे चौलास उतरला. त्याचा स्मारकस्तंभ रेवदंड्यात आहे. या बंदरातून रेशमी वस्त्रे परदेशी जात. रामेश्वराचे देऊळ व त्यापुढील पुष्करणी पाहताना हा वैभवाचा काळ सांगावा.

४. रेवदंडा व कोर्लई

१५०८ साली चौलच्या पाण्यात इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांशी लढाई दिली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने या कोटास वेढा घातला, परंतु तो पडला नाही. १७४० साली हा प्रदेश मराठ्यांकडे आला. आज गावचा रस्ता कोटातूनच जातो. आत वाड्या, पडक्या चर्चचे अवशेष व 'सातखणी' नावाचा उंच मनोरा आहे. मनोऱ्यावर किंवा पडक्या भिंतींवर मुलांस चढू देऊ नये.

कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडताच कोर्लई लागते. येथील ख्रिस्ती वस्तीत मराठीबरोबरच पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही घरोघर बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आयांच्या तोंडून मुलांकडे ती चालत आली. सहलीतील मुले अशी बोली ऐकून हसण्याचा संभव असतो. शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावे की घरची भाषा कोणाचीही हसण्याजोगी नसते. ज्या शिक्षकांच्या वर्गात आगरी, कोळी वा कातकरी बोली बोलणारी मुले आहेत, त्यांस या पाठाचे मोल अधिक वाटेल. गावकऱ्यांची अनुमती घेऊन चार शब्द विचारावेत व वहीत उतरावेत.

५. परतल्यानंतर

दुसऱ्या दिवशी मूळ प्रश्न पुन्हा घ्यावा. युद्धांनी व्यापार विस्कटला, खाडीत गाळ साचला, आणि १६६१ च्या विवाहकरारान्वये इंग्रजांकडे गेलेले मुंबई बंदर पुढे भरभराटीस आले. ही कारणे मुलांच्या निरीक्षणातून काढून घ्यावीत. पुढील कामे द्यावीत :

(अ) किनारा, खाडी, कोट व डोंगर दाखविणारा नकाशा काढणे.

(आ) येत्या पंधरवड्यातील भरतीच्या वेळांचा तक्ता करणे.

(इ) आपल्या गावातील जुनी विहीर, देऊळ, वेस वा बाजार यांविषयी वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहिणे.

यांपैकी तिसरे काम वगळू नये. चौलचे दगड पाहिलेल्या मुलाने आपल्या गावची वेसही त्याच दृष्टीने पाहिली, तर सहलीचा खर्च व श्रम सार्थकी लागले असे समजावे.