आवड आणि पारख

'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराचे वर्णन आहे. सुनंदा नावाची द्वारपालिका तिला एकेका राजापुढे नेते आणि त्या राजाचे कुल, पराक्रम व वैभव वर्णन करून सांगते. अंगदेशाच्या राजावरून इंदुमती आपली दृष्टी काढून घेते आणि पुढे चलण्यास सांगते. या ठिकाणी कालिदास मोठे मार्मिक स्पष्टीकरण देतो. तो राजा वरण्याजोगा नव्हता असे नाही, आणि इंदुमतीला पारख नव्हती असेही नाही. लोकांच्या रुची निरनिराळ्या असतात, इतकेच तो म्हणतो. राजाला कमीपणा न आणता आणि राजकन्येला अज्ञ न ठरवता दिलेला हा नकार होय.

या प्रकरणाचा विषय नेमका हाच आहे. 'मला हे आवडले' आणि 'हे चांगले आहे' ही दोन विधाने आपण रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः पहिले विधान बोलणाऱ्याविषयी माहिती देते व दुसरे त्या कृतीविषयी. पहिल्यास पुरावा लागत नाही. दुसऱ्यास कारणे द्यावी लागतात. आवडलेले पण सामान्य, आणि उत्तम पण न आवडलेले, अशा दोन्ही प्रकारच्या कृती ज्याच्या संग्रही आहेत, त्याने आपली रुची तपासून पाहिली आहे असे समजावयास हरकत नाही. ज्याला आवडलेले सर्वच श्रेष्ठ वाटते, त्याने हे काम अद्याप आरंभिलेले नाही.

काव्य आणि लोकरंजन यांच्या बाबतीत हा घोटाळा विशेष होतो, कारण तेथे प्रतिष्ठेचा प्रश्न आड येतो. काव्य आवडते असे सांगण्यात भूषण वाटते. तमाशा, नौटंकी अथवा चित्रपटगीत आवडते हे सांगताना मनुष्य किंचित हसतो आणि मग सांगतो. ते हसणे ही जणू क्षमायाचनाच असते. हे दोन मजले कालिदासाला मान्य नव्हते असे दिसते. 'मालविकाग्निमित्रा'त त्याने एका नाट्याचार्याच्या तोंडी असा विचार घातला आहे की, भिन्न रुचीच्या लोकांना एकाच वेळी संतोष देणारे साधन म्हणजे नाट्य.

या ओळी ज्या गुरुग्राममध्ये लिहिल्या जात आहेत, तेथे २०१० साली 'किंगडम ऑफ ड्रीम्स' नावाचे मोठे मनोरंजनकेंद्र उभे राहिले होते. त्यातील प्रेक्षागृहाला 'नौटंकी महल' असे नाव दिले होते. पुढे ते केंद्र बंद पडले. नाव मात्र विचार करण्यासारखे आहे. नौटंकी हे मूळचे मुलतानच्या एका राजकन्येचे नाव. तिची कथा इतकी गाजली की तिच्या नावाने नाट्यप्रकारच ओळखला जाऊ लागला. उघड्या मैदानातला हा प्रकार वातानुकूलित महालात नावापुरता आला, तेव्हा तो प्रतिष्ठित झाला.

हरियाणात याच कुळातील नाट्यप्रकाराला 'सांग' म्हणतात. गावाच्या मोकळ्या जागेत लाकडी तख्ते मांडावयाचे, चोहोबाजूंनी प्रेक्षक बसावयाचे. पडदा नाही, देखावे नाहीत, आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करणार. सारंगी, ढोलक, नगारा यांच्या साथीने कथानक पुढे सरकते ते मुख्यतः रागिणीतून. येथे रागिणी म्हणजे शास्त्रोक्त संगीतातील रागिणी नव्हे. ती एक पद्यरचना आहे: आरंभी 'टेक', म्हणजे आपले ध्रुवपद, आणि त्यानंतर बहुधा चार 'कली'. प्रत्येक कलीच्या अखेरीस टेकेकडे परतावयाचे आणि शेवटच्या कलीत कवीने आपले नाव गुंफावयाचे. आपल्या अभंगातील 'तुका म्हणे' ज्या जागी येते, तीच ही जागा. चौथी कली सुरू झाली की जाणकार श्रोता नावाची वाट पाहू लागतो. कोणत्या युक्तीने कवी ते नाव आणतो, हे पाहण्यात त्याला वेगळाच रस असतो. अशा श्रोत्याला साक्षरतेचे प्रमाणपत्र नसेल. पारख नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव पंडित लखमीचंद यांचे. सोनीपतकडील जांटी कलां हे त्यांचे गाव. ब्राह्मण कुळात जन्म, शालेय शिक्षण जवळजवळ नाही. तरीही नल-दमयंती, हरिश्चंद्र, मीराबाई अशा कथांवर त्यांनी सांग रचले आणि गावोगाव केले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात पठ्ठे बापूराव वारले. रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. ब्राह्मण कुलकर्ण्याने तमाशाच्या फडावर उभे राहावे आणि महार समाजातील पवळाबाईसह संसार व कला दोन्ही मांडावी, हे त्या काळाला मानवले नाही. लावणी ऐकण्यास जमलेल्या गर्दीत सर्व जातींचे लोक होते. बहिष्कार मात्र गाणाराच्या वाट्याला आला. ऐकणाराने आपली आवड अंधारात ठेवली आणि तिची किंमत गाणाराने मोजली. रुचीच्या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही.

आवड लपविण्याचा दुसरा परिणाम असा की, ती तशीच अडाणी राहते. जे चारचौघांत बोलताच येत नाही, त्याची तुलना व चिकित्सा होणार कशी? म्हणून वाचकाने एक साधा प्रयोग करून पाहावा. एखादी रागिणी वा लावणी आवडली, तर प्रथम स्वतःला विचारावे की मला नेमके काय आवडले: चाल, आवाज, कथा, शब्द, की ती जिच्यासोबत ऐकली ती माणसे? मग दुसऱ्या दिवशी तिचे शब्द कागदावर उतरवून चालीविना मोठ्याने वाचावेत. काही रचना या वाचनात कोसळतात, काही अधिकच उजळतात. मात्र जी कोसळली ती टाकाऊ, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ती गळ्यासाठी रचलेली होती; कागदाने केवळ तिच्या शब्दांची परीक्षा घेतली. छापील कवितेचीही उलट परीक्षा घ्यावी. ती कोणास तरी म्हणून दाखवावी आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कोठे विझतो ते पाहावे.

होनाजी बाळाचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. होनाजी हा पुण्याचा गवळी, तमाशासाठी लावण्या रचणारा. बाळा करंजकर हा त्याचा गाणारा साथी. त्याच होनाजीची भूपाळी महाराष्ट्रातील असंख्य सोवळ्या घरांत पहाटे म्हटली गेली. ज्या घरात लावणीचा उच्चार वर्ज्य होता, तेथे दिवसाचा आरंभ तमासगिराच्या शब्दांनी होत असे. शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी' हा चित्रपट १९५१ मध्ये आला, तेव्हा कित्येकांना हा कवी कोण हे प्रथमच कळले असेल. कर्त्याचे नाव ठाऊक नसताना रुची अधिक निःपक्षपाती असते, ही गोष्ट काहीशी गमतीची आहे.

नावडीला कायद्याचे बळ मिळाले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने १९४८ च्या सुमारास पाहिले. मुंबई सरकारने तमाशाच्या खेळांवर बंदी घातली. तमाशात ग्राम्यपणा नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल; सरकारची चिंता सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु कोणता खेळ, कोणते गीत, कोणता विनोद, अशी पारख करण्याऐवजी अवघ्या प्रकारावरच हात पडला आणि फडांवर पोट असलेली माणसे घरी बसली. पुढे बंदी उठली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. वगातील संवाद तर आयत्या वेळी सुचत! सोंगाड्याची हजरजबाबी आज सकाळच्या बाजारातील बातमीवर रात्री उभी राहते. ती आधी लिहून द्यावयाची म्हणजे तिचा प्राणच काढून द्यावयाचा. याच काळात बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा १९४७ चा संग्रह अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात खेचला गेला होता. कवी पुढे निर्दोष ठरला. गावचा फड आणि नवकवितेचे पातळ पुस्तक यांत साम्य काहीच नाही. तरी न आवडण्याचे रूपांतर गुन्ह्यात करू पाहणारी वृत्ती दोहोंच्या वाट्याला सारखीच आली.

येथवर 'लोकप्रिय' हा शब्द आपण बेधडक वापरला. पण त्यातील लोक कोण? हरियाणात सांग पाहावयास स्त्रियांनी जाण्याची रीत नव्हती. त्यांचे रंजन वेगळे होते. वरात गेल्यावर मागे राहिलेल्या बायका 'खोडिया' करीत. पुरुषांची सोंगे घेऊन त्यांची यथेच्छ टवाळी करीत, आणि तेथे पुरुषाला प्रवेश नसे. आपल्याकडे तमाशाच्या कनातीबाहेर राहिलेल्या बायकांची कविता जात्यावर होती. बहिणाबाई चौधरींची गाणी कितीतरी वर्षे घरात आणि शेतातच राहिली. त्या १९५१ मध्ये वारल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तक निघाले, तेव्हा महाराष्ट्राला त्यांची ओळख झाली. यावरून असे दिसते की, आपली आवड आपण निवडतो त्याआधी आपल्यापर्यंत काय पोहोचावे याची निवड दुसऱ्या कोणी केलेली असते.

पानिपतचे नाव मराठी वाचक वेगळ्या कारणाने घेतो. त्याच गावी १८३७ साली अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म झाला. 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' या १८९३ च्या विवेचनात त्यांनी गझलेतील शिळ्या संकेतांवर, तेच ते विरह आणि तीच ती मद्यशाळा यांवर, कठोर टीका केली आणि कवितेने जीवनाला उपयोगी पडावे असे बजावले. उपयुक्ततेचा हा आग्रह प्रस्तुत लेखकास थोडा अतिरेकी वाटतो. परंतु हाली हे गालिबचे शिष्य होते, आणि चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी गुरूचे चरित्र लिहून त्याच्या दुर्बोध शेरांचा अर्थ मोठ्या प्रेमाने उलगडून दाखविला. शिवाय तो कठोर 'मुकद्दमा' ही मुळात एका काव्यसंग्रहाची प्रस्तावना होती. तो संग्रह हालींचाच होता, आणि प्रस्तावना संपवून पान उलटणाऱ्या वाचकाला पुढे त्यांच्याच गझला भेटत.