घोडामैदान जवळच आहे!

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, हे आपण शाळेत पाठ केलं. त्याच जोरावर "घोडा आपल्या रक्तातच आहे" म्हणत मी आठ वर्षांच्या लेकीला पहिल्या तासाला नेलं. शिकवणारा स्वतः झकास रपेट मारायचा, म्हणून प्रमाणपत्र काही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्याने घोडा दुडक्या चालीने सोडला. लेकीच्या पायात साधे खेळाचे बूट. पाय रिकिबीत पुढे घसरला, तोल गेला आणि हात प्लास्टरमध्ये!

मंडळी, चांगला स्वार आणि चांगला शिक्षक एकच असतो असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं बघाच:

१) पात्रता : ब्रिटिश हॉर्स सोसायटी (स्थापना १९४७) किंवा एफईआय या आंतरराष्ट्रीय महासंघाचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का? कोणत्या पातळीचं? त्या संस्थेकडे नाव पडताळून घ्या. स्पर्धेतली पदकं म्हणजे शिकवण्याचा दाखला नव्हे.

२) प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र आणि विमा : विचारायला संकोच कसला? चांगला शिक्षक रागावत नाही.

३) एक तास नुसता बघा : हेल्मेटचा पट्टा तो स्वतः तपासतो का? बसण्याआधी तंग पुन्हा आवळतो का? नवख्याला लांब दोरीवर, गोलात, शांत घोड्यावर फिरवतो का? टाचेचे बूट नसतील तर परत पाठवतो का? टाचेमुळे पाय रिकिबीतून आरपार जात नाही.

४) घोडे : अंग भरलेलं, पाठीवर जखम नाही, सावली आणि पाणी आहे. इथल्या उन्हाळ्यात भर दुपारी तास ठेवणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

अल धैद रोडवर शारजा इक्वेस्ट्रियन अँड रेसिंग क्लब आहे. सुरुवातीला तिथे जाऊन चौकशी करावी. २०२२ पासून शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी, तेव्हा वेळ नाही ही सबबही उरली नाही.

२०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं हे पहिलं सुवर्ण, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. पण मांड पक्की व्हायला महिने लागतात, घाई नको.

आमची लेक वर्षभराने पुन्हा खोगिरावर बसली. नव्या बाईंनी पहिले दोन तास तिला फक्त घोडा खरारा करायला दिला. भीती तिथेच गेली.